जुना वस्तरा, रोजची दाढी

दाढीचा केस पोलादाच्या पात्यापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो. तरीही रोज दाढी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की थोड्याच दिवसांत पातं बोथट होतं. हे नेमकं कशामुळे होतं, हे समजायला २०२० साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जानलुका रोशिओली या संशोधकाने स्वतःची दाढी करायची आणि प्रत्येक वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, असा क्रम ठेवला. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. धार झिजून गुळगुळीत होण्याआधीच तिच्या कडेचे बारीक टवके उडतात, असं त्यांना दिसलं. केस तिरका टेकला, त्याला वाकायला जागा मिळाली आणि पोलादाची आतली ठेवण नेमकी त्या जागी एकसारखी नसली, की मऊ केससुद्धा पोलादाचा कपचा काढतो.

म्हणजे दाढी केली की धार बिघडणार, हे ठरलेलं. त्यावर माणसाने दोन उपाय काढले. एक, पातं फेकून नवं घ्यायचं. दुसरा, तेच पातं रोज पट्ट्यावर आणि अधूनमधून दगडावर घेऊन पुन्हा धारेवर आणायचं. पहिल्या उपायाला सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. दुसरा फार जुना आहे आणि तो अजून जिवंत आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेत आणि आशियातही अनेक माणसं आजोबा-पणजोबांच्या काळातले उघड्या पात्याचे वस्तरे शोधून, दुरुस्त करून, रोजच्या दाढीला वापरू लागली आहेत. २०१२ च्या ‘स्कायफॉल’ या बाँडपटात मनीपेनी बाँडची दाढी अशाच वस्तऱ्याने करते. त्यानंतर ब्रिटनमध्ये वस्तऱ्यांची विक्री एकदम वाढल्याच्या बातम्या आल्या. चित्रपटामुळे घेतलेले वस्तरे बहुधा वर्षभरात खणात गेले असतील. जे टिकले, ते दुसऱ्याच कारणाने टिकले, आणि त्या कारणाचा नीट विचार व्हायला हवा.

रोज दाढी करणं हीच मुळात एक सवय आहे आणि तिलाही इतिहास आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की रोमला पहिले न्हावी सिसिलीतून आले आणि रोज दाढी करण्याची रीत धाकटा स्किपिओ या सेनापतीने पाडली. पण स्वतःची दाढी स्वतः करणं ही त्यामानाने फार अलीकडची गोष्ट. पॅरिसमधला उस्ताद पातेकरी जाँ-जाक पेरे याने १७६९ मध्ये खास याच विषयावर पुस्तक लिहिलं: माणसाने न्हाव्यावाचून आपली दाढी आपण कशी करावी. वस्तऱ्याला लाकडी आड बसवून कातडी वाचवण्याची युक्तीही त्यानेच काढली. रोजची दाढी सामान्य माणसाच्या आवाक्यात यायची, तर आधी चांगलं पोलाद स्वस्त आणि भरवशाचं व्हायला हवं होतं. ते इंग्लंडमधल्या शेफील्डला झालं.

बेंजामिन हंट्समन हा डॉनकास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगांना एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या सुमारास त्याने बंद मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून काढायची रीत बसवली. आधीच्या पोलादात कार्बन एका थरात जास्त, एका थरात कमी असे. मुशीतलं पोलाद आरपार सारखं. शेफील्डच्या पातेकऱ्यांना ते सुरुवातीला फारच कडक वाटलं आणि त्यांनी ते नाकारलं. फ्रेंच कारागिरांनी ते उचललं आणि त्याची पाती इंग्लंडच्या बाजारात दिसू लागली, तेव्हा शेफील्डवाल्यांचे डोळे उघडले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं शेफील्डने जगाला वस्तरे पुरवले. वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स, जॉर्ज वोस्टनहोम ही नावं आजही जुन्या वस्तऱ्यांच्या बाजारात पहिल्यांदा घेतली जातात.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे. १७९४ मध्ये मुंबईत नोकरीला असलेला डॉ. हेलेनस स्कॉट याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका देशी पोलादाच्या वड्या पाठवल्या. पोलादाचं नाव वूट्झ. ते बनायचं दक्षिणेत, आजच्या तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडूच्या भागांत, तेही मुशीतच, आणि हंट्समनच्या कित्येक शतकं आधीपासून. पण वड्या मुंबईहून गेल्या, म्हणून १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यावर निबंध लिहिला तेव्हा मथळ्यातच ‘मुंबईत बनणारं पोलाद’ असा उल्लेख केला. लंडनचा शल्य-उपकरणं आणि पाती करणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाने इतका भारावला, की पुढे त्याने एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याचं रहस्य शोधायचा प्रयत्न केला. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा. दोघांनी १८२० आणि १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. चांदी, प्लॅटिनम, रोडियम अशा धातूंची भर घालून त्यांनी पोलाद करून पाहिलं. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, असंही एक मिश्रण होतं. आपल्या पोलादाचे वस्तरे करवून फॅरडेने मित्रांना भेट दिले. नंतर कित्येक वर्षं शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ आणि ‘फाइन इंडिया स्टील’ अशी अक्षरं कोरलेली दिसतात. त्यांतल्या बहुतेकांत चांदीचा किंवा भारतीय पोलादाचा कणही नव्हता. पण हिंदुस्थानचं नाव घेतलं की गिऱ्हाईक पात्यावर विश्वास ठेवतं, एवढी त्या पोलादाची पत होती. मुंबईहून गेलेल्या काही वड्यांपासून आधुनिक मिश्र-पोलादाच्या संशोधनाची एक वाट निघाली, हे महाराष्ट्रात फारसं कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं.

शेफील्डचे जुने वस्तरे जड असतात. पाठ जाड आणि दोन्ही बाजू जवळपास सपाट, उतरत्या. त्यांना पाचर घडणीचे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेन गावाने हे चित्र पालटलं. तिथल्या कारागिरांनी लहान व्यासाच्या घासदगडांवर पात्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाने पोकळ खरवडायची कला साधली. अशा पात्यात धारेकडचं पोलाद इतकं पातळ राहतं, की नखाने हलकं दाबलं तर धार किंचित वाकलेली दिसते. अशा पात्याने दाढी करताना केस कापल्याचा बारीक किणकिणता आवाज येतो, आणि तो आवाजच पात्याचा कोन बरोबर आहे की नाही हे सांगतो. झोलिंगेनचा पातेकऱ्यांचा संघ किती जुना, याची कल्पना एका खुणेवरून येते. पेटर हेंकल्सने आपलं जुळ्यांचं चिन्ह १३ जून १७३१ रोजी तिथे नोंदवलं. ते चिन्ह आजही चालू आहे. १९३८ च्या जर्मन कायद्याने ‘झोलिंगेन’ हे नावच राखीव केलं. त्या परिसरात न घडलेल्या पात्यावर ते घालता येत नाही.

या सुंदर पात्यांची किंमत माणसांनी छातीने मोजली. शेफील्डमध्ये घासदगडावर ओणवं बसून पाती घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची आणि पोलादाची धूळ भरत असे. फ्रीड्रिख एंगल्सने १८४५ च्या आपल्या इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या पुस्तकात शेफील्डच्या डॉ. नाइट यांचं निरीक्षण नोंदवलं आहे: कोरड्या दगडावर घासणारे क्वचितच पस्तिशीपलीकडे जगत, आणि ओल्या दगडावरचे पंचेचाळिशीपलीकडे. दोनशे वर्षांपूर्वीचं निर्दोष पातं हातात घेताना हे विसरून चालत नाही.

बाकीच्या देशांचा हिशेब थोडक्यात उरकतो. स्वीडनच्या एस्किल्स्तुनामधले हेल्येस्ट्रांड आणि एंगस्ट्रॉम यांचे वस्तरे कडकपणासाठी नावाजलेले. शेफील्डसुद्धा आपलं उत्तम पोलाद स्वीडनच्या डानेमोरा खाणीच्या लोखंडापासून करत असे. फ्रान्समध्ये थिएर हे गाव. तिथली थिएर-इसार ही १८८४ ची पेढी अजून वस्तरे बनवते. अमेरिकेत वूस्टरचा टॉरी आणि न्यूयॉर्क राज्यातली जिनीवा कटलरी यांचा माल आजही सर्वांत सहज सापडतो. जपानची रीतच वेगळी. तिथला परंपरागत कामिसोरी अखंड लोखंडी मुठीचा असतो, मिटत नाही, आणि त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. पाश्चात्त्य घडणीचा वस्तरा जपानी पोलादातून करणारे निइगाता भागातल्या सांजो इथले इवासाकी पितापुत्र यांना या छंदातले लोक फार मानतात.

एवढा भरभराटीचा धंदा मोडला तो मुख्यतः एका माणसामुळे. किंग कॅम्प जिलेटने फेकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना काढली. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते पातं प्रत्यक्षात बनवण्याचं तंत्र बसवलं. १९०३ या पहिल्या वर्षी जिलेटचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला, आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांसाठी लाखो रेझर घेतले. ती तरुण पोरं युद्धाहून परतली तेव्हा वडिलांचा वस्तरा त्यांना परका झाला होता. धार लावायला शिकण्याची गरजच उरली नाही, आणि दोन-तीन पिढ्यांत ती विद्या घराघरांतून गेली.

धंदा मोडला, पण वस्तरे उरले. बोथट झालेला वस्तरा फेकायचा नसतो, त्यामुळे खणात, ट्रंकेत, माळ्यावर लाखो वस्तरे पडून राहिले. पोलाद म्हातारं होत नाही. गंजू दिलं नाही, तर १८५० सालचं पातं आजही त्याच कडकपणाचं असतं. नवे वस्तरे मोजक्याच पेढ्या करतात. झोलिंगेनची १९०६ मध्ये स्थापन झालेली डोव्हो ही त्यांतली सर्वांत परिचित. तीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नव्या मालकाने सावरली. वस्तरा घासणारे हात आता थोडे आहेत आणि नवे तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून रोजच्या वापरासाठी जुना वस्तरा शोधणं हा भावुकपणा नव्हे. पूर्वीच्या हजारो कारागिरांनी दिवसभर हेच एक काम करून जी सफाई कमावली होती, तिचा माल जुन्या बाजारात मिळतो आणि नव्या दुकानात तो दुर्मीळ आहे, एवढंच त्यामागचं कारण.

मात्र बाजारातला प्रत्येक जुना वस्तरा घेण्याच्या लायकीचा नसतो. जाणकार प्रथम पातं तिरकं धरून उजेडात धार पाहतात. धारेपासून दूर, पाठीजवळ काळे डाग असले तर बिघडत नाही. धारेलगत गंजाचे खड्डे असले, तर दगडावर घेताना धार त्या खड्ड्यापर्यंत पोचते आणि तिथेच मोडते. मग पातं सपाट काचेवर ठेवून पाहायचं. पाठ आणि धार दोन्ही पूर्ण टेकायला हव्यात. मधेच उजेड दिसला, तर पातं मुरडलेलं आहे किंवा कुणीतरी चुकीच्या हाताने घासून धारेला आतल्या अंगाने बाक आणला आहे. पाठीवर रुंद चकचकीत पट्टा दिसला, तर पूर्वीच्या मालकांनी वस्तरा दगडावर फार झिजवला आहे असं समजावं. नखाने पातं हलकं टिचकावल्यावर स्वच्छ नाद आला तर बहुधा तडा नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तरा हाती लागला, तरी कसोट्या ह्याच.

वय ओळखायच्याही खुणा आहेत. पात्याच्या शेपटीजवळ ‘व्ही आर’ अक्षरं असली तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. ‘डब्ल्यू आर’ असला तर विल्यम राजाच्या १८३० ते १८३७ या सात वर्षांतला. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा ‘जर्मनी’ असा ठसा असलेला वस्तरा बहुतेक १८९१ नंतरचा. मुठीकडेही लक्ष हवं. जुन्या सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली की तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ पात्याला खाते. अशी मूठ लगेच काढून टाकावी आणि त्या वस्तऱ्याशेजारी दुसरा वस्तरा ठेवू नये. हस्तिदंती मुठीचा मोह भारतातल्या खरेदीदाराने टाळावाच. वन्यजीव संरक्षण कायद्याने देशात हस्तिदंताचा व्यापार आणि आयात बंद आहे, मग तो शंभर वर्षं जुना का असेना. कासवाच्या कवचाच्या मुठीलाही तेच लागू.

आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना: पॉलिशच्या चाकावर भरधाव घासून आरशासारखा चमकवलेला वस्तरा बघून हरखू नये. चाकावर धारेचं पातळ पोलाद क्षणात तापतं, आणि दोनशे अंशांपलीकडे गेलं की त्याचं पाणी उतरतं. चमक राहते, धार राहत नाही.

आता धारेकडे यावं, कारण या साऱ्या छंदाचा प्राण तिथे आहे. वस्तऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या साधारण पाव असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात आणि धारेचा कोन आपोआप ठरतो, ढोबळमानाने पंधरा ते अठरा अंश. चाकू पाजवताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याला ती चिंता नाही. पाठ झिजली तर धारही त्याच प्रमाणात मागे सरते. रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. नवशिक्याला ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा, गोल टोकाचा वस्तरा बरा. चौकोनी टोक कानापाशी आणि नाकाखाली हमखास टोचतं.

दगडांची दुनिया स्वतंत्र लेखाची आहे. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल, ज्यात सूक्ष्म गार्नेटचे कण असतात. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या, आता निघायच्या बंद झालेल्या पाट्या. क्योटोजवळच्या डोंगरांतले जपानी दगड. नैसर्गिक दगडांवर प्रेम करणारे लोक त्यांची चर्चा तासन्तास करतात. रोजच्या कामाला कृत्रिम दगड पुरेसे आहेत. बोथट वस्तऱ्याला आधी हजार ग्रिटच्या दगडावर (आकडा मोठा, तितके कण बारीक) दोन्ही बाजूंनी धार जुळवून घ्यायची, मग चार-पाच हजार, आठ हजार आणि शेवटी बारा हजार. पहिल्या टप्प्यात धार जुळली नसेल, तर पुढचे सगळे दगड वाया. नव्या माणसाने हे काम जाणकाराकडून करवून घ्यावं, आणि दाढीचा हात बसल्यावरच दगडाकडे वळावं. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला गेलं, तर दाढी ओढली का जाते आहे, धारेमुळे की हातामुळे, हेच कळत नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

दगड दोन-चार महिन्यांनी एकदा. पट्टा मात्र रोज. एक टोक हुकाला अडकवून पट्टा डाव्या हाताने ताणायचा, ढिला सोडायचा नाही. ढिल्या पट्ट्यावर धार गोल होते. वस्तरा शेपटीशी चिमटीत धरून पट्ट्यावर आडवा ठेवायचा आणि पाठ पुढे, धार मागे असा ओढायचा. टोकाला पोचल्यावर पाठ पट्ट्यावरून न उचलता पातं पाठीवरच उलटं करायचं आणि परत यायचं. धारेवर उलटवलं तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. आधी कापडी बाजूवर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. वजन द्यायचं नाही, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. या फेऱ्यांत पोलाद फारसं झिजत नाही. आदल्या दिवशीच्या दाढीत सूक्ष्म वाकलेली कड सरळ होते आणि चिकटलेला मळ निघतो. आपल्याकडचे जुने कारागीर हेच काम तळहातावर किंवा मनगटाजवळच्या कातडीवर करत. चामड्याचंच काम ते, फक्त चामडं स्वतःचं.

दाढीच्या खऱ्या तयारीत पाण्याचा वाटा मोठा. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, तेव्हा अंघोळीनंतर किंवा गरम पाण्याचा रुमाल दोन-तीन मिनिटं ठेवून दाढी करावी. ब्रशने साबणाचा फेस चेहऱ्यावरच जमवावा. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावी आणि वस्तरा गालाशी साधारण तीस अंशांत टेकवावा. कोन वाढला की कातडी खरवडते, कमी झाला की केस ओढला जातो. पहिला हात केसांच्या कलाने, वरून खाली, आखूड आखूड. फेस पुन्हा लावून दुसरा आडवा. उलटा हात हा शेवटचा आणि मान-हनुवटीच्या वळणावर तो फार सांभाळून. सुरुवातीचे दोन महिने उलटा हात मारूच नये. वस्तरा कधीही धारेच्या लांबीच्या दिशेने, सुरीने कापल्यासारखा सरकवू नये. दाढीतली जवळपास प्रत्येक खोल जखम अशा सरकण्यानेच होते. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. तुरटी जिथे झोंबेल, तिथे आज हात जड पडला, एवढं कळतं.

डाव्या गालासाठी डावा हात वापरावा की नाही, यावर दोन पक्ष आहेत. दोन्ही हातांनी शिकणाऱ्याला सुरुवातीला जड जातं, पण पुढे मानेचे दोन्ही भाग सारखे होतात. डावा हात वापरावा म्हणणाऱ्यांचं मत पटण्यासारखं आहे.

मराठी वाचकाच्या मनात वस्तरा म्हणजे स्वतःच्या हातातलं हत्यार नसतं, ते नाभिकाच्या धोकटीतलं हत्यार असतं. बारा बलुतेदारांत न्हावी होता. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा आणि धारेचा दगड असे. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्यातल्या या वस्तूंनाच अभंगात अध्यात्माचा अर्थ दिला. याच वस्तऱ्याचा एक कठोर इतिहासही आहे. विधवांच्या केशवपनाला नकार देण्यासाठी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकी केली. आपलं हत्यार कशासाठी उचलायचं नाही, हे ज्या कारागिरांनी ठरवलं, त्यांचा मान या विषयावर लिहिताना राखायलाच हवा.

आजच्या सलूनमधला वस्तरा वेगळा आहे. दोन धारांच्या ब्लेडचा अर्धा तुकडा त्यात बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की टाकून देतात. हे योग्यच आहे. हेपेटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर आठवडाभर जिवंत राहू शकतो, आणि एकाच पात्याने अनेकांची दाढी करणं हे त्याला आमंत्रण. म्हणून धार लावायचा वस्तरा ही एका माणसाची वस्तू असावी. घरातही ती वाटून घेऊ नये. जुना वस्तरा विकत आणला, की साबणाने धुऊन रुग्णालयात वापरतात तशा जंतुनाशकाने निर्जंतुक करावा. उकळत्या पाण्यात टाकू नये, मूठ बिघडते.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. सकाळी दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. हात कापत असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मधुमेहाने जखमा लवकर भरत नसतील, तर हा नाद करू नये. लहान मुलं असलेल्या घरात वस्तरा कुलपात हवा. पैसे वाचतात म्हणून कुणी वळत असेल, तर त्याची निराशा होण्याची शक्यता मोठी. वस्तऱ्याचा खर्च एकदाच होतो हे खरं, पण दगड, पट्टा, साबण, मग दुसरा वस्तरा, तिसरा, अशी ओढ लागते. दाढी अधिक गुळगुळीत होते का, याला सरसकट ‘हो’ म्हणता येत नाही. चांगल्या आधुनिक रेझरनेही गाल तुळतुळीत होतो. एक फरक मात्र नियमित वापरणारे अनेक लोक सांगतात. अनेक पात्यांचं कार्ट्रिज केस ओढून कातडीखाली कापतं आणि तो केस वाढताना आत वळून पुळी येते. एकाच पात्याने कातडीच्या पातळीवर केस कापला, तर हा त्रास कमी होतो. कुरळ्या, राठ दाढीच्या माणसांना हा फरक विशेष जाणवतो.

पण वस्तरा टिकतो तो या फायद्यामुळे नव्हे. ज्याने तीन महिने रोज वापरला, त्याच्या हाताला पट्ट्याचा दाब, पात्याचा आवाज आणि आपल्याच मानेवरच्या केसांची उलटसुलट वळणं कळू लागतात. आठवड्यातून एकदा हौसेने काढणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याची धारही मंदावते आणि हातही. या हत्याराचा आनंद त्याच्या ‘रोज’पणात आहे.

पूर्वी श्रीमंतांसाठी सात वस्तऱ्यांची पेटी मिळे, प्रत्येकाच्या पाठीवर एका वाराचं नाव. एकदा वापरलेल्या धारेला विसावा द्यावा, अशी त्यामागची समजूत होती. पोलाद दमत नाही. पण सात दिवसांनी एकदा हाती येणारा वस्तरा पूर्ण सुकतो, हा खरा लाभ. सात नकोत, दोन आलटून पालटून पुरतात. आपल्या हवेत सुकण्याचं महत्त्व तर कितीतरी जास्त. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात न्हाणीघरात ठेवलेल्या कार्बन पोलादाला एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. दाढी झाली की पातं कोमट पाण्याने धुऊन मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे टिपावं, कापडी पट्ट्यावर चार-पाच फेऱ्या द्याव्यात आणि वस्तरा उघडाच तासभर कोरड्या खोलीत ठेवावा. मग शिवणयंत्राला घालतात ते पातळ तेल बोटाने पात्यावर फिरवावं. खिळ्यापाशी, जिथे पातं मुठीत वळतं, तिथे पाणी सर्वांत आधी मुरतं आणि गंज डोळ्यांआड चढतो. म्हणून तेलाचा पहिला थेंब तिथे सोडावा आणि पातं दोन-तीनदा उघडमीट करावं.